पगार वडिलांचा, तूट मुलीची

हे प्रकरण इंग्लंडमधल्या एका मराठी घरातलं आहे. मी तिथल्या एका विद्यापीठात, विद्यार्थ्यांना पैशांबद्दल सल्ला देणाऱ्या विभागात काम करते. ओळख पटू नये म्हणून मी विषय, गाव आणि घरातले आकडे बदलले आहेत, आणि सारख्या वळणाच्या दोन-तीन प्रकरणांतले तपशील एकत्र केले आहेत. नियम आणि सरकारी रकमा मात्र २०२५-२६ या शैक्षणिक वर्षाच्या आहेत, त्यांत काही बदललेलं नाही.

मुलगी १८ वर्षांची. जन्म आणि शाळा इंग्लंडमध्येच. लंडनच्या पश्चिमेला आई-वडील आणि १४ वर्षांचा भाऊ असं घर. वडील आयटीत, आई प्राथमिक शाळेत अर्धवेळ मदतनीस. मुलीला इतिहास शिकायचा होता, आणि तोही मिडलँड्समध्ये, म्हणजे इंग्लंडच्या मधल्या भागात, घरापासून दोन-अडीच तासांवर. वडिलांचं म्हणणं, घरून ये-जा करता येईल असं विद्यापीठ घे आणि पोटापाण्याचा विषय घे. वर्षभर धुसफूस चालली. ऑगस्टमध्ये ए लेव्हलचा, म्हणजे इथल्या बारावीचा, निकाल लागला त्या दिवशी त्यांनी विषय संपवला: "जायचंय तर जा. पैशांचं तुझं तू बघ. आणि माझ्या पगाराचे कागद मी कुठल्या कर्जाला लावणार नाही."

त्या बोलण्यात दोन नकार होते, एक पैशांचा आणि एक कागदांचा. मुलीला पहिलाच ऐकू आला. दुसऱ्याकडे घरात कोणी फारसं लक्ष दिलं नाही, आणि पुढच्या तीन महिन्यांत तिची जी फरफट झाली तिच्यातली निम्मी त्या दुसऱ्या नकारामुळे झाली. पालक पैसे देत नाहीत म्हणून आमच्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला मी आधी हेच विचारते: पैसे नाहीत, की कागदही नाहीत?

कर्जाचं गणित

इंग्लंडमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला स्टुडंट फायनान्स इंग्लंड या सरकारी व्यवस्थेकडून दोन कर्जं मिळतात. एक फीसाठी. २०२५-२६ मध्ये वर्षाची फी जास्तीत जास्त ९,५३५ पौंड होती. ती सगळी कर्जातून भरता येते, थेट विद्यापीठाकडे जाते, आणि आई-वडिलांच्या कमाईशी तिचा काही संबंध नसतो. दुसरं राहण्या-खाण्यासाठी, म्हणजे मेंटेनन्स लोन. सगळी गोची या दुसऱ्या कर्जात आहे.

घर सोडून, लंडनबाहेर राहणाऱ्याला हे कर्ज २०२५-२६ मध्ये जास्तीत जास्त १०,५४४ पौंड मिळत होतं. पण ते पूर्ण मिळण्यासाठी घराचं वार्षिक उत्पन्न २५,००० पौंडांच्या आत हवं. त्याच्या वर गेलं की कर्ज घटत जातं, साधारण साडेसहा पौंड उत्पन्नामागे एक पौंड. उत्पन्न ६२ हजारांच्या थोडं पुढे गेलं की ते तळाला टेकतं: त्या वर्षी ४,९१५ पौंड. वरच्या आणि खालच्या आकड्यांतला फरक ५,६२९ पौंडांचा. हा फरक आई-वडील भरतील असं सरकारने गृहीत धरलेलं आहे. मात्र पालकांना येणाऱ्या कुठल्याही पत्रात "तुम्ही मुलाला एवढे पैसे द्यायचे आहेत" असा आकडा ठळकपणे नसतो. मार्टिन लुइस हे इथले नावाजलेले पैशांविषयीचे पत्रकार वर्षानुवर्षं मागणी करत आहेत की हा आकडा पालकांना स्पष्ट सांगा. अजून तसं होत नाही.

२५,००० ची ही मर्यादा २००८ पासून हललेली नाही. २०२५ मध्ये २१ वर्षांवरच्यांचं किमान वेतन तासाला १२.२१ पौंड होतं. आठवड्याला साडेसदतीस तास धरले तर वर्षाचे सुमारे २३,८०० होतात. आई आणि वडील दोघंही किमान वेतनावर पूर्णवेळ राबत असतील तर घराचं उत्पन्न साडेसत्तेचाळीस हजारांच्या वर जातं आणि मुलाचं कर्ज तीन हजारांहून जास्त पौंडांनी कापलं जातं. याला सुखवस्तू घर म्हणायची माझी तरी जीभ रेटत नाही. २०१६ पर्यंत कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना परत न करायचं अनुदानही मिळत असे, ते त्या वर्षी नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद झालं. २०२४ मध्ये हेपी या उच्च शिक्षणविषयक अभ्याससंस्थेने लफबरा विद्यापीठाच्या संशोधकांकडून हिशेब करून घेतला होता. विद्यार्थ्याला धड जगायला लंडनबाहेर वर्षाला १८,६३२ पौंड लागतात असं त्यांत निघालं. म्हणजे पूर्ण कर्ज मिळालं तरी ते पुरत नाहीच. आमच्या मुलीला मिळत होतं ते सगळ्यात कमी.

कारण अर्ज भरताना "घराचं उत्पन्न कळवायचं नाही" हा पर्याय तिने निवडला होता. वडील कागद देणार नाहीत, मग करणार काय? हा पर्याय घेतला की तळाची रक्कम कोणाचेही कागद न मागता मिळते. फाईल तिथेच बंद होते आणि सगळं ठीक चाललंय असं वाटतं.

नोव्हेंबरपर्यंत

हॉलचं, म्हणजे विद्यापीठाच्या वसतिगृहाचं, भाडं आठवड्याला १५५ पौंड, करार ४२ आठवड्यांचा, एकूण ६,५१० पौंड. वर्षभराच्या कर्जातून नुसतं भाडंही निघत नव्हतं. ऑक्टोबरचा हप्ता २,१७० चा होता आणि कर्जाचा पहिला हप्ता आला १,६२२ चा. शाळेत असताना दुकानात काम करून तिने १,९०० पौंड साठवले होते, तिथून तोंडमिळवणी सुरू झाली. खाणं, फोन, प्रवास, पुस्तकं, धुणं धरून तिचा वर्षाचा खर्च ९,९०० च्या आसपास जात होता. हा हिशेब आम्ही दोघींनी बसून केला आणि त्यात उधळपट्टी म्हणावी असं मला काही सापडलं नाही. तूट वर्षाला जवळपास पाच हजारांची.

ती तूट ती अंगमेहनतीने भरून काढत होती. एका एजन्सीमार्फत गोदामात रात्रपाळी, आठवड्याला २४ तास. १८ ते २० वयोगटाचं किमान वेतन तेव्हा तासाला १० पौंड होतं. (वय कमी म्हणून मजुरी कमी. भाडं आणि किराणा कोणी वय पाहून कमी करत नाही.) शुक्रवार-शनिवारच्या रात्री आणि आठवड्यातली आणखी एक. त्या दुसऱ्या दिवशीचे सेमिनार बुडत होते. हजेरी घसरली म्हणून विभागाकडून ईमेल आला, आणि तो ईमेल पाहून तिच्या शिक्षिकेने तिला आमच्याकडे धाडलं. तोपर्यंत बँकेचा ४०० पौंडांचा ओव्हरड्राफ्ट वापरून झाला होता आणि "आत्ता घ्या, नंतर भरा" छापाच्या दोन ॲपवर हप्ते चालू होते. ओव्हरड्राफ्टची मला काळजी नव्हती. विद्यार्थी खात्यावर तो ठरलेल्या मर्यादेपर्यंत बिनव्याजी असतो आणि त्यासाठीच असतो. ॲपवरच्या हप्त्यांची होती, कारण त्यांच्या तारखा भाड्याच्या तारखेला येऊन भिडतात.

येताना तिने मनाशी एक ठरवून ठेवलं होतं: नाताळनंतर सोडायचं आणि पुढच्या वर्षी पैसे जमवून परत यायचं.

पहिली बैठक यातच गेली. मध्येच सोडण्याचे परिणाम मुलांना माहीत नसतात. पहिल्या सत्रात सोडलं तर फीच्या २५ टक्के, दुसऱ्या सत्रात पाऊल टाकलं की ५० टक्के आणि तिसऱ्यात पूर्ण फी तुमच्या कर्जात जमा होते. नाताळनंतर म्हणजे दुसरं सत्र, म्हणजे ४,७०० पौंडांहून जास्त कर्ज, आणि हातात काही नाही. हजर नसलेल्या काळासाठी मिळालेलं मेंटेनन्स लोन परत मागितलं जातं. शिवाय फीचं कर्ज मिळण्याची वर्षं मोजून दिलेली असतात, अभ्यासक्रमाची वर्षं अधिक एक. त्यातलं ते जादा वर्ष अर्धवट वर्षातच खर्ची पडतं. सोडायचंच असेल तर डिसेंबर उजाडायच्या आत सोड, नाहीतर वर्ष पूर्ण कर, असं मी तिला स्पष्ट सांगितलं. तिने राहायचं ठरवलं. बाकी सगळं त्यानंतरचं.

"संबंध तुटलेत असं लिही"

हॉलमधल्या एका मित्राने तिला युक्ती सांगितली होती. आई-वडिलांशी संबंध तुटलेत असं लिही, मग त्यांचं उत्पन्न धरत नाहीत आणि पूर्ण कर्ज मिळतं. ही युक्ती दर वर्षी कोणी ना कोणी कोणाला तरी सांगतंच.

नियम खरा आहे, तो या मुलीला लागू नाही. संबंध तुटलेले विद्यार्थी म्हणून मान्यता मिळायला आई आणि वडील दोघांशीही, सहसा वर्षभर किंवा जास्त काळ, बोलणं-भेटणं पूर्ण थांबलेलं असावं लागतं आणि ते पुन्हा जुळण्याची चिन्हं नसावी लागतात. शिक्षक, समाजसेवक अशा घराबाहेरच्या माणसाने ते लिहून द्यावं लागतं. जी मुलं खरोखर घरातून तुटली आहेत त्यांच्यासाठी ही वाट आहे. युनाइट फाउंडेशनसारखी संस्था अशा मुलांना आणि सरकारी संगोपनात वाढलेल्या मुलांना राहण्याची जागा मोफत देते, सुट्टीतसुद्धा. आमची मुलगी दर रविवारी आईशी तासभर फोनवर बोलत होती. वडील पैसे देत नाहीत, विषयावरून भांडतात, हे कितीही दुखरं असलं तरी सरकारच्या लेखी ते तुटलेपण नाही. खोटं लिहून पैसे घेतले आणि उघडकीला आलं तर सगळी रक्कम परत करावी लागते, शिवाय फसवणुकीचा डाग लागतो.

स्वतंत्र ठरण्याच्या, म्हणजे आई-वडिलांचं उत्पन्न हिशेबात न धरलं जाण्याच्या, बाकीच्या वाटाही आम्ही पाहिल्या. अभ्यासक्रम सुरू होताना वय २५ पूर्ण, नाहीतर आधीची निदान तीन वर्षं स्वतःच्या कमाईवर काढलेली, नाहीतर स्वतःचं मूल पदरात, नाहीतर लग्न झालेलं. १८ व्या वर्षी रात्रपाळी करून स्वतःचं भाडं भरणारी मुलगी स्वतंत्र नाही, आणि वर्ष सुरू होण्याच्या आदल्या दिवशी नोंदणी कार्यालयात जाऊन लग्न लावलं तर ती स्वतंत्र. नियम करणाऱ्यांना यात काही वावगं दिसलं नसावं.

वडिलांवर कायद्याने जबरदस्ती करता येते का, हेही तिने विचारलं, थोडं लाजत. इंग्लंडमध्ये, आई-वडील एकत्र राहत असतील तर, नाही. ते विभक्त असतील तर १९८९ च्या चिल्ड्रन ॲक्टखाली, १८ वर्षांनंतरही शिक्षण चालू असलेल्या मुलाला काही परिस्थितींत कोर्टात मागणी करता येते. स्कॉटलंडमध्ये १९८५ च्या कायद्याने शिकणारं मूल २५ वर्षांचं होईपर्यंत पालकांवर पोषणाची जबाबदारी आहे. भारतात १९५६ च्या हिंदू दत्तक व पोषण कायद्यात अविवाहित मुलीच्या पोषणाची तरतूद आहे. इंग्लंडने मात्र पालकांचा वाटा गृहीत धरला आणि आई-वडील एकत्र असलेल्या मुलांना तो मागण्याचा हक्क दिला नाही.

सही केली की अडकलो

म्हणून मी कागदांकडे वळले. कागद द्यायला वडिलांना एक पैसाही लागणार नव्हता, आणि त्यावर दोन गोष्टी अडून होत्या. उत्पन्न कळवलं तर कर्ज वाढण्याची शक्यता ही एक. दुसरी विद्यापीठाच्या हार्डशिप फंडाची. हा अडचणीतल्या विद्यार्थ्यांसाठीचा निधी आहे आणि त्यातली मदत बहुतेकदा परत करायची नसते, पण मिळू शकणारं सगळं कर्ज आधी घेतलेलं असलं पाहिजे ही त्याची नेहमीची अट. तळाचं कर्ज घेऊन थांबलेल्या मुलीला फंडाचं दारही अर्धंच उघडं. तातडीची मदत म्हणून खाण्यापुरते १५० पौंड आम्ही त्याच आठवड्यात दिले. मोठा अर्ज फाईल पूर्ण झाल्याशिवाय पुढे जाणार नव्हता.

वडील कागद का देत नाहीत? मुलीला वाटत होतं, शिक्षा म्हणून. मला खात्री नव्हती. तिची लेखी संमती घेऊन मी आईशी बोलले. (अशा संमतीशिवाय आम्ही पालकांना मूल आमच्याकडे येऊन गेलं एवढंही सांगू शकत नाही. मराठी पालक यावर फार चिडतात.) आई मराठीतच बोलल्या. त्यांच्या सासऱ्यांनी पूर्वी गावी एका नातेवाइकाच्या कर्जाला जामीन म्हणून सही केली होती. नातेवाइकाने हप्ते थकवले आणि सोसायटीची माणसं यांच्या दारात आली. वडील तेव्हा शाळेत होते. कर्जाच्या कागदाला आपलं नाव लागलं की आपण अडकलो, हे त्यांनी तेव्हापासून गाठीला बांधलेलं.

भीती समजण्यासारखी आहे, फक्त इथे ती लागू होत नाही. मी आईंना जे सांगितलं ते असं. हे कर्ज मुलीच्या एकटीच्या नावावर आहे, त्याला जामीन नसतो. आई-वडिलांनी उत्पन्न कळवलं म्हणून त्यांच्यावर फेडीची कसलीही जबाबदारी येत नाही. ते आपापल्या वेगळ्या खात्यातून माहिती भरतात, मुलीच्या हातात पगाराचा कागद ठेवावा लागत नाही. नॅशनल इन्शुरन्स क्रमांकावरून (इथे नोकरी करणाऱ्या प्रत्येकाचा असतो तो सरकारी क्रमांक) करखात्याकडे आकड्यांची पडताळणी होते. फेड पगारातूनच कापली जाते: २०२३ च्या ऑगस्टपासून पदवी सुरू केलेल्यांसाठी वर्षाला २५,००० पौंडांच्या वर जे मिळेल त्याच्या ९ टक्के. पगार ३०,००० असेल तर महिन्याला साडेसदतीस पौंड. नोकरी गेली तर कपात शून्य. ४० वर्षांनी उरलेलं माफ. आणि पगार तोच असेल तर कर्ज दोन हजारांनी जास्त घेतलं म्हणून महिन्याची कपात वाढत नाही, फेड लांबते एवढंच. ४० वर्षं हा लांबचा पल्ला आहे आणि बऱ्याच जणांना पूर्वीपेक्षा जास्त फेडावं लागेल, हेही मी लपवलं नाही. पण मुलगी रात्री दोन वाजता गोदामात खोकी उचलते आहे, त्याच्या शेजारी ठेवून हे तोलायचं.

आई जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, ह्यांचा पगार आता तेवढा राहिलाय कुठे?"

जे मुलांना सांगितलेलं नव्हतं

वडिलांची जुनी नोकरी सप्टेंबर २०२४ मध्ये गेली होती. पाच-सहा महिने घरी बसून काढल्यावर नवी मिळाली. पूर्वी ५८,००० मिळत होते, आता ३८,०००. मुलांना सांगितलं होतं की बाबा घरून काम करतात. मुलीचा अर्ज, तिचा विषय, घर सोडून जाण्याचा हट्ट, हे सगळं त्याच काळातलं.

माझ्यापुढे आता पेच होता. माझी बांधिलकी मुलीशी आहे, आणि तिच्या फाईलसाठी कळीची माहिती मला तिच्या आईकडून, तिच्या नकळत कळली होती. मी आईंना म्हटलं, तिच्या अर्जाबद्दलची गोष्ट मी तिच्यापासून दडवू शकत नाही, आणि ती तिला माझ्या तोंडून कळणं बरं नाही. पुढच्या भेटीआधी तुम्ही सांगा. त्यांनी आठवडा मागितला. हार्डशिप फंडाची बैठक त्याच आठवड्यात होती आणि ती हुकली, तरी मी दिला.

मुलगी पुढच्या वेळी आली ती रागाने धुमसत. "मग आधी का नाही सांगितलं? मी समजत होते, ते मला वठणीवर आणतायत." खरं तर थोडं तेही होतं. नोकरी गेली नसती तरी वडिलांना इतिहास पटलाच नसता. देत नाही आणि देऊ शकत नाही या दोन गोष्टी एकाच माणसात गुंतलेल्या असतात, आणि सल्ला देणाऱ्याने त्या सोडवत बसू नये असं माझं मत आहे. मला कागद हवे होते.

त्या कागदांना आता नवीनच अर्थ आला होता. २०२५-२६ च्या कर्जासाठी एरवी २०२३-२४ या करवर्षाचं उत्पन्न धरतात, म्हणजे नोकरी जाण्याआधीचं: वडिलांचे ५८,००० आणि आईचे १३,०००. त्या हिशेबाने कागद दिले असते तरी तळाचंच कर्ज मिळालं असतं, आणि "बघ, मी सांगत होतो, काही उपयोग नाही" असं वडील म्हणाले असते. पण चालू वर्षाचं उत्पन्न त्या वर्षाच्या तुलनेत किमान १५ टक्क्यांनी घसरलं असेल तर चालू वर्षावर मूल्यमापन मागता येतं. ७१,००० वरून ५१,०००, म्हणजे घसरण २८ टक्क्यांची. त्यातून पेन्शनमध्ये भरलेली रक्कम वजा होते, आणि घरात अवलंबून असलेल्या दुसऱ्या मुलामागे १,१३० पौंड. भावाच्या या वजावटीची घरात कोणाला कल्पनाच नव्हती. शेवटी हिशेबाचं उत्पन्न अठ्ठेचाळीस हजारांच्या जरा आत आलं.

यात एक धोका असतो, तो मी आईंना लिहूनच कळवला. चालू वर्षाचा आकडा अंदाजाचा असतो. करवर्ष संपलं की खरे आकडे द्यावे लागतात, आणि कमाई अंदाजापेक्षा जास्त निघाली तर मुलीला दिलेली जादा रक्कम वसूल होते. म्हणून अंदाज जरा चढाच धरावा.

माहिती डिसेंबरमध्ये भरली गेली. आईंनी भरली, वडिलांनी आपल्या खात्यात जाऊन मान्य केली. शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून नऊ महिन्यांच्या आत असा बदल मागता येतो आणि तो वर्षाच्या सुरुवातीपासून लागू होतो, त्यामुळे उशीर झालेला नव्हता. जानेवारीअखेर नवा आकडा आला: सुमारे ७,०९० पौंड. आधीच्यापेक्षा २,१७५ जास्त. पहिल्या दोन हप्त्यांतले राहिलेले १,४३५ एकदम जमा झाले.

उरलेली तूट

त्या पैशांतून आधी दोन्ही ॲपवरचे हप्ते मिटवले आणि ॲप काढून टाकली. ओव्हरड्राफ्टला हात लावला नाही. उरलेले हॉलच्या भाड्यात गेले. हॉलच्या कार्यालयाने पुढचं भाडं महिन्यावारी विभागून दिलं. हे बहुतेक ठिकाणी विचारलं तर करतात, न विचारता कोणी सांगत नाही. फेब्रुवारीत हार्डशिप फंडाने ६०० पौंड दिले.

तूट अजूनही होतीच, वर्षाला २,८०० च्या आसपास. पण आठवड्याला १२ तास काम केलं की ती सत्राच्या चोवीसेक आठवड्यांत भरून निघते, आणि १२ तास काम करून शिकता येतं. २४ तास करून येत नाही, निदान तिला येत नव्हतं. गोदाम सोडून तिने विद्यापीठाच्याच ग्रंथालयात संध्याकाळचं काम घेतलं. मजुरी फारशी जास्त नाही, पण परीक्षेच्या काळात तास कमी करून मिळतात. पहिल्या सत्रातला एक निबंध नापास झाला होता, तो तिने पुन्हा लिहून दिला. त्याचे गुण काठावर पास एवढेच धरले जाणार. पहिल्या वर्षाचे गुण पदवीच्या श्रेणीत मोजत नाहीत, म्हणून निभावलं.

दुसऱ्या वर्षाच्या घराचा प्रश्न मात्र वेगळा निघाला. चार मुली मिळून घर घेणार होत्या, आणि घरमालकाला प्रत्येकीमागे इंग्लंडमध्ये स्वतःचं घर असलेला हमीदार हवा होता. मुलगी पुन्हा वडिलांकडे सही मागायला निघाली, कर्जाच्या कागदाला काही झालं नाही तर याला काय होणार, या हिशेबाने. मी तिला थांबवलं. ही सही खरंच अडकवणारी असते. करार चौघींचा एकत्र असेल तर हमीपत्रात तिघींच्या थकबाकीचीही जबाबदारी हमीदारावर येऊ शकते. वडिलांची भीती इथे शंभर टक्के योग्य होती. वर्षाच्या सुरुवातीला सहा महिन्यांचं भाडं आगाऊ देऊन हमीदार टाळण्याची जुनी पळवाट १ मे २०२६ पासून नव्या करारांना बंद झाली, कारण रेंटर्स राइट्स ॲक्ट या भाडेकरूंच्या हक्कांच्या कायद्याने खाजगी घरांसाठी एका महिन्याहून जास्त आगाऊ भाडं मागण्यावर बंदी घातली. उरल्या दोन वाटा: हमी तिच्या एकटीच्या हिश्श्यापुरती मर्यादित करून घेणं, किंवा विद्यापीठ हमीदार राहतं अशी योजना असेल तर तिथे अर्ज करणं. आमच्याकडे तशी योजना आहे, तिने तिथे अर्ज केला.

२०२६-२७ साठी २०२४-२५ हे करवर्ष धरलं जाईल. त्या वर्षात वडिलांची अर्धं वर्ष जुनी नोकरी, मग काही महिने शून्य, मग नवा पगार, मिळून जेमतेम ३२,०००. म्हणजे या खेपेला विशेष अर्जाची गरजही नाही, नेहमीच्या नियमानेच कर्ज थोडं वाढेल. उत्पन्न मात्र दर वर्षी नव्याने कळवावं लागतं. आईंनी त्यांचा भाग भरला आहे, वडिलांचा बाकी आहे. आईंनी मला फोन करून विचारलं, "तुम्हीच बोलता का ह्यांच्याशी?" मी नाही म्हटलं. या वेळी मुलीने स्वतः विचारावं, आणि विचारताना पैशांचा विषय काढू नये, एवढंच मी सुचवलं आहे.